दुकानातल्या विकीत थेट ॲड्रेस बारमधून शोधता येईल का? डोकूविकी, फायरफॉक्स, मजकूर मराठी

मोटरवाला_तासगाव

नमस्कार मंडळी.

माझं तासगावात मोटर रिवायंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार भरून द्यायचं, दुकान आहे. वडिलांनी सुरू केलं, आता मी आणि धाकटा भाऊ बघतो. शेतीपंप हेच मुख्य काम. मोनोब्लॉक, ओपनवेल, बोअरच्या व्ही-फोर आणि व्ही-सिक्स. प्रश्न कॉम्प्युटरचा आहे, पण कशासाठी हवंय ते सांगितल्याशिवाय नेमकं उत्तर मिळणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वडिलांनी भरलेल्या प्रत्येक मोटरची नोंद लांब वह्यांमध्ये केलेली आहे. एचपी, स्लॉट (तार बसायच्या खाचा), पिच (कॉइल कुठल्या खाचेतून कुठल्या खाचेत जाते), टर्न (तारेचे वेढे), तारेचं गेज (जाडी), कॉइलचं वजन, आणि खाली एखाददुसरी ओळ. एक पान समोर आहे, त्यातलं लिहितो. वर "साडेसात एचपी, २४ स्लॉट, पिच १-१२ आणि १-१०". त्याखाली टर्न आणि गेज. आणि सगळ्यात खाली निळ्या शाईत, "सावळज रोडची विहीर. व्होल्टेज पडतं. मागच्यानं गेज बारीक घातलेलं म्हणून जळली. आपण मूळचं घातलं."

ही शेवटची ओळ आमच्या धंद्यात लाखमोलाची असते. मोटर जळून आली की जुनं वाइंडिंग कापून टर्न मोजता येतात, तार मायक्रोमीटरला लावून गेज बघता येतं. पण मधे कुणी ती मोटर भरताना तांबं वाचवायला टर्न किंवा गेज बदललं असेल, तर आपण कितीही काळजीपूर्वक मोजलं तरी हाताला लागतो तो बदललेलाच आकडा. तशीच भरून दिली की उन्हाळ्यात परत जळणार. मूळ आकडा मिळतो तो फक्त वहीत.

२०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथं धोक्याची पातळी ४५ फूट आहे. सांगलीत ओळखीच्या दुकानदारांची वर्षानुवर्षांची दप्तरं त्यात लगदा झाली. आमच्या दुकानाला नदीचं भय नाही, पण ते बघितल्यावर वह्या एकाच कपाटात ठेवून झोप लागेना. तेव्हापासून रोज थोडं थोडं टाइप करत आलोय. भाच्यानं दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर डोकूविकी बसवून दिलं, म्हणजे ब्राउझरमध्येच पानं लिहून साठवायची आणि शोधायची सोय. त्याला डेटाबेस लागत नाही, प्रत्येक पान म्हणजे एक साधी मजकुराची फाइल, त्यामुळे अख्खा फोल्डर पेन ड्राइव्हवर उचलून घरी नेता येतो. हे मला फार आवडलं. एका मोटरला एक पान असं ठेवलंय.

आता अडचण. गिऱ्हाईक काउंटरवर उभं असतं. द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी झालेली, बाग पाण्याला आलेली, लाइटची पाळी रात्रीची, आणि मोटर टेम्पोत. त्याला दोन गोष्टी ऐकायच्या असतात, कधी मिळेल आणि किती लागतील. मी ब्राउझर उघडतो, बुकमार्क दाबतो, पान यायची वाट बघतो, वरच्या कोपऱ्यातल्या चौकटीत माउस नेऊन क्लिक करतो, मग टाइप करतो. हाताला वार्निश असतं. दिवसभर हेच चालू. भाच्याच्या लॅपटॉपवर बघितलंय, तो वर पत्ता लिहायच्या जागी एक अक्षर मारतो, स्पेस देतो, शब्द लिहितो, एंटर. थेट निकाल. तो आता पुण्याला असतो, फोनवर सांगून मला जमत नाहीये.

असं माझ्या स्वतःच्या, या कॉम्प्युटरच्या बाहेर कुठेच नसलेल्या विकीसाठी करता येतं का? ब्राउझर फायरफॉक्स आहे. टायपिंग मी इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवर करतो, पण मोटरच्या कंपन्यांची नावं इंग्रजीत असतात.

---

सातारकर_लॅब

दादा, करता येतं, आणि त्यासाठी काही इन्स्टॉल करावं लागत नाही. मी इथे साताऱ्यात एका कॉलेजची कॉम्प्युटर लॅब सांभाळतो. कुठल्या खोलीतली कुठली वायर कुठल्या स्विचला जाते याचं माझंही एक डोकूविकी आहे, आणि ते मी याच पद्धतीनं वापरतो.

ब्राउझरला काय लागतं ते आधी सांगतो, म्हणजे उद्या दुसऱ्या विकीवर गेलात तरी अडणार नाही. तुम्ही विकीच्या चौकटीत शब्द लिहून एंटर मारता तेव्हा तो शब्द पत्त्याच्या शेपटीला जोडला जातो. निकालाचं पान उघडलं की वर बघा, तुमचा शब्द तिथे दिसेल. तेवढी जागा रिकामी ठेवून बाकीचा पत्ता ब्राउझरला देऊन ठेवायचा. त्या रिकाम्या जागेची खूण म्हणजे टक्क्याचं चिन्ह आणि त्याला चिकटून इंग्रजीतला छोटा एस. याला पुढे मी टक्का-एस म्हणतो.

पत्ता डोक्यातून टाइप करत बसू नका. विकीच्या वरच्या छोट्या चौकटीत इंग्रजी अक्षरांत झेड-झेड-झेड असा कुठेच नसलेला शब्द शोधा. इंग्रजीतच का, तर मराठी शब्द फायरफॉक्स वर छान दाखवतो, पण पत्ता कॉपी केला की त्याच शब्दाची टक्के आणि आकडे मिसळलेली लांबलचक माळ होते, आणि तिच्यात आपला शब्द कुठे सुरू होतो कुठे संपतो ते कळत नाही. निकालाच्या पानावर जी मोठी चौकट येते तिच्यातून शोधू नका, तिथून पत्त्याला आणखी शेपट्या लागतात. वरच्या छोट्या चौकटीतूनच करा.

मग तो पत्ता कॉपी करा. कंट्रोल-शिफ्ट-ओ दाबा, बुकमार्कची लायब्ररी उघडेल. तिथे नवीन बुकमार्क जोडा. नाव काहीही द्या. पत्त्याच्या रकान्यात कॉपी केलेला पत्ता टाका आणि त्यातले तीन झेड खोडून तिथे टक्का-एस लिहा. खाली कीवर्ड नावाचा रकाना आहे, त्यात तुमचं अक्षर. झालं. आता कंट्रोल-एल दाबलं की कर्सर थेट ॲड्रेस बारमध्ये जातो, माउसला हात लावायचा नाही. अक्षर, स्पेस, शब्द, एंटर.

कीवर्डच्या अक्षराबद्दल एक सुचवतो, कारण तुम्ही इनस्क्रिप्टवाले आहात. कीवर्ड इंग्रजी ठेवला तर मराठी कीबोर्ड चालू असताना तो उमटत नाही, आणि मराठी ठेवला तर उलट. दर वेळी भाषा बदलायची म्हणजे निम्मा फायदा गेला. इनस्क्रिप्टमध्ये "व" हा इंग्रजी बी च्याच बटनावर आहे. म्हणून दोन बुकमार्क करा, एकाचा कीवर्ड इंग्रजी छोटा बी, दुसऱ्याचा "व". कीबोर्ड कुठलाही चालू असो, बोट त्याच बटनावर पडतं. फक्त दोन्हींचा पत्ता अगदी हुबेहूब एकच असेल तर फायरफॉक्स दोन्हींना मिळून एकच कीवर्ड धरतो. म्हणून दुसऱ्या पत्त्याच्या शेवटी अँडचं चिन्ह, एक इंग्रजी अक्षर, बरोबरचं चिन्ह आणि एक आकडा असं काहीतरी निरुपद्रवी जोडा, जसं की एक्स बरोबर एक. डोकूविकीला त्याचं काही देणंघेणं नसतं.

हाच प्रकार आणखी एका रस्त्यानं होतो. साइटनं आपल्या शोधाची माहिती ब्राउझरला आपणहून सांगायची ओपनसर्च नावाची पद्धत आहे. ॲमेझॉनच्या ए-नाइन नावाच्या कंपनीनं ती २००५ मध्ये आणली. डोकूविकीमध्ये ती आधीपासून आहे. विकीचं पान उघडं असताना ॲड्रेस बारवर राइट क्लिक केलं की हे सर्च इंजिन जोडा असा पर्याय दिसतो, आणि मग सेटिंगमध्ये जाऊन त्याला कीवर्ड देता येतो. झटपट होतं. पण पत्ता तुमच्या हातात राहत नाही, आणि तुमच्यासारख्याला पुढे त्यात बदल करावासा वाटणार. बुकमार्कचाच रस्ता धरा.

---

तंबोरा_मिरज

तासगावच्या दादांचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. आमच्याकडेही वह्याच होत्या, विषय वेगळा. माझं माहेर मिरजेच्या सतारमेकर गल्लीजवळ. वाद्यं बनवणाऱ्या जुन्या माणसांकडून ऐकलेलं मी मीडियाविकीत, म्हणजे विकिपीडिया ज्यावर चालतो त्या विकीत, लिहून ठेवते. भोपळा कसा निवडायचा, मंगळवेढ्याकडचा भोपळा वाळवताना काय बघायचं, घोडीची, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीची, जवारी कशी काढायची, म्हणजे ती घासून सुराला गुंजन कसं आणायचं, पुरुषी तंबोरा आणि बायकी तंबोरा यांच्या मापात फरक काय. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पण मानांकनाच्या कागदावर जवारीला कान कसा लावायचा ते लिहिलेलं नसतं. ते कारागीर बसल्या बसल्या बोलून जातो, आणि त्याच वेळी टिपून घ्यावं लागतं.

मी क्रोम वापरते, म्हणून तिथलं सांगते, कुणाला तरी उपयोगी पडेल. सेटिंगमध्ये सर्च इंजिनच्या भागात साइट सर्च म्हणून जागा आहे. तिथे नवीन जोडायचं. तीन रकाने येतात, नाव, शॉर्टकट आणि पत्ता. पत्त्यात तोच टक्का-एस. मग ॲड्रेस बारमध्ये शॉर्टकट लिहून टॅब दाबायचा, बारमध्ये तुमच्या विकीचं नाव उमटतं आणि पुढे शब्द लिहायचा. नाव उमटलेलं दिसतं हे मला बरं वाटतं, कारण आपण नक्की कुठे शोधतोय ते एंटर मारण्याआधी कळतं.

मीडियाविकीवाल्यांसाठी एक गोष्ट. तिथे लिहिलेला शब्द आणि एखाद्या पानाचं नाव तंतोतंत जुळलं तर यादी न दाखवता थेट ते पान उघडतं. मला तेच हवं असतं. "जवारी" लिहिलं की जवारीचं पान समोर. पण कधी कधी जवारी हा शब्द कुणाकुणाच्या बोलण्यात आलाय ते सगळं बघायचं असतं. त्यासाठी मी दुसरा शॉर्टकट केलाय, त्याच्या पत्त्यात फुलटेक्स्ट बरोबर एक असं वाढवलंय. मग पान असलं तरी पूर्ण यादीच येते. एक पत्ता पानाला, एक यादीला. दादा, तुम्हालाही पुढेमागे असे दोन लागतील.

आणि काळजीचं एक. कीवर्ड लिहायचा राहिला आणि नुसता शब्द लिहून एंटर मारला, तर तो शब्द बाहेरच्या सर्च इंजिनकडे जातो. माझ्याकडे कारागिरांची नावं आहेत, तुमच्याकडे शेतकऱ्यांची नावं आणि फोन नंबर असतील. मी शोधाच्या सूचना दाखवायचा पर्याय बंद करून टाकलाय, म्हणजे निदान टाइप करता करता तरी अक्षरं बाहेर जात नाहीत. आणि नावानं शोधण्यापेक्षा मोटरच्या नंबरानं शोधायची सवय लावता आली तर बघा. शोधलेला प्रत्येक शब्द ब्राउझरच्या हिस्टरीतही राहतो, आणि दुकानातला कॉम्प्युटर चार जण हाताळतात.

---

मोटरवाला_तासगाव

सातारकर, मिरजेच्या ताई, दोघांचे मनापासून आभार. बी आणि "व" दोन्ही चालू झाले. आज सकाळी कवठेएकंदचा माणूस व्ही-सिक्स घेऊन आला, तो दोरी सोडेपर्यंत वडिलांचं पान समोर होतं. भाऊ तर दोनदा बघायला आला.

ताई, नंबरानं शोधायचं पटलं. नेमप्लेट बऱ्याचदा गंजून गेलेली असते, त्यामुळे सगळ्यांना जमणार नाही, पण आमचा स्वतःचा नोंद क्रमांक प्रत्येक मोटरच्या बॉडीवर पंचिंग करायचं ठरवलंय. त्याच क्रमांकाचं पान विकीत.

आता पुढची गोष्ट. शोध वेगात होतोय म्हणून लक्षात यायला लागलं की अर्ध्या गोष्टी सापडतच नाहीत. पान डोळ्यासमोर आहे, त्यात शब्द आहे, पण विकी म्हणतंय काही मिळालं नाही. "विहीर" शोधलं तर "विहिरीवरची मोटर" असलेली पानं येत नाहीत. "३६" मराठी अंकात शोधलं की वडिलांच्या वह्यांची पानं येतात, मी भरलेल्या मोटरची येत नाहीत, कारण मी आकडे इंग्रजी अंकांत टाइप केलेत. "५ एचपी" मध्ये जागा सोडली की काही पानं गायब, न सोडता लिहिलं की दुसरी गायब. आणि सगळ्यात विचित्र म्हणजे "कऱ्हाड". ही गिऱ्हाइकं मोजकी आहेत, पण मी "कऱ्हाड" लिहून शोधलं तर निम्मीच येतात. उरलेल्या पानांवर पण "कऱ्हाड" असंच दिसतंय, डोळ्यांना तसूभर फरक नाही. हे काय असेल?

---

कोयनाकाठ_कराड

दादा, मी कराडचाच, त्यामुळे शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. आमच्या गावाचं नाव "कराड" आणि "कऱ्हाड" असं दोन तऱ्हांनी लिहितात हे तुम्हाला माहीत आहेच. पण "कऱ्हाड" सुद्धा कॉम्प्युटरच्या पोटात दोन तऱ्हांनी लिहिलं जातं. एका पद्धतीत "ऱ" हे खाली टिंब असलेलं स्वतंत्र अक्षर येतं, त्याला हलन्त आणि मग "ह". इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून जे दाबलं की हेच अक्षर येतं. दुसऱ्या पद्धतीत साधा "र", हलन्त, त्यानंतर एक न दिसणारं जोडचिन्ह आणि मग "ह". पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. विकी अक्षरांच्या आतले क्रमांक जुळवून बघतं, त्यामुळे त्याच्या लेखी हे दोन वेगळे शब्द. तुमच्या भाच्यानं किंवा आणखी कुणी काही पानं दुसऱ्या कीबोर्डवरून, किंवा मोबाइलवरून टाइप केली असतील तर असं होणारच. "दुसऱ्या", "वाऱ्या", "तऱ्हा", "पऱ्हाटी", सगळीकडे हेच.

यावर उपाय एकच, सगळ्या पानांवर एक पद्धत. आणि इथे डोकूविकी घेतल्याचा तुम्हाला खरा फायदा होणार आहे. पानं साध्या फाइली आहेत, डेटा फोल्डरच्या आत पेजेस नावाच्या फोल्डरमध्ये. आधी अख्ख्या विकीची कॉपी पेन ड्राइव्हवर काढा. मग अनेक फाइलींत एकदम शोधून बदलू शकेल असा कुठलाही टेक्स्ट एडिटर घ्या. एका पानावरून जोडचिन्हवाला "र्‍ह" कॉपी करून शोधच्या रकान्यात चिकटवा, बदलच्या रकान्यात इनस्क्रिप्टनं "ऱ्ह" टाइप करा, आणि सगळ्या फाइलींत चालवा. मग "ऱ्य" साठी तेच. याच बैठकीत आकडेही एका जातीचे करून टाका, शून्यापासून नऊपर्यंत दहा वेळा बदल. मराठी ठेवायचे की इंग्रजी हा तुमचा निर्णय, पण मोटरच्या नेमप्लेटवर आकडे इंग्रजी असतात आणि गिऱ्हाईक तेच वाचून दाखवतं, म्हणून मी इंग्रजी ठेवले असते. वडिलांच्या वह्यांचे फोटो तर तुमच्याकडे असणारच, मूळ अंक तिथे आहेत.

बदल बाहेरून केला की विकीची शब्दसूची जुनीच राहते. पान एकदा उघडलं की ते नवीन सूचीत जातं, पण एवढी पानं कोण उघडत बसणार. डोकूविकीच्या बिन फोल्डरमध्ये इंडेक्सर नावाची पीएचपी फाइल आहे, ती कमांड लाइनवरून सूची पुसायच्या पर्यायासह चालवली की सगळी सूची नव्यानं बांधली जाते. हे सातारकर सर नीट सांगतील.

आता "विहीर". डोकूविकी शब्द अख्खा जुळवतं. इंग्रजीत त्यानं फारसं अडत नाही. आपल्याकडे विभक्ती लागली की शब्दाचं अंगच बदलतं. विहीर, विहिरीवर, विहिरीचा. ऊस, उसाला. हळद, हळदीच्या. त्यात ही ऱ्हस्वाची दीर्घ होते आणि दीर्घाची ऱ्हस्व. शोधताना शब्दाच्या शेवटी किंवा दोन्ही बाजूंना ताऱ्याच्या आकाराची फुली (*) घातली की अर्धा शब्द चालतो. "विहि" आणि पुढे फुली असं लिहिलं तर विहिरीवर, विहिरीचा सगळं येईल, पण नुसतं "विहीर" मात्र येणार नाही, कारण तिथे दीर्घ "ही" आहे. म्हणून मी तोडायची जागा त्याच्याही आधीची धरतो. "ऊस" आणि "उसा" ला तर तोही इलाज नाही, पहिलंच अक्षर बदलतं.

दर वेळी फुली टाइप करायला नको असेल तर दोन मार्ग आहेत. कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये शोधाच्या अर्ध्या शब्दांबद्दल एक सेटिंग आहे, ती पूर्ण शब्दावरून कन्टेन्स, म्हणजे "पोटात असलेलं", या पर्यायावर न्या. मग फुली न घालताही शब्दाच्या पोटातलं सापडतं. किंवा, ते तुम्हाला जास्त सोयीचं पडेल, बुकमार्कच्या पत्त्यातच टक्का-एस च्या आधी आणि नंतर फुली घालून ठेवा आणि त्याला वेगळा कीवर्ड द्या. एक अक्षर नेमक्या शब्दाला, दुसरं ऐसपैस शोधाला. फुलीवाला बुकमार्क एकाच शब्दाला नीट चालतो. दोन शब्द लिहिले तर पहिल्याच्या आधी आणि दुसऱ्याच्या नंतर एवढीच फुली लागते, ते लक्षात ठेवा.

पण खरं काम करतं ते यांतलं काहीच नाही. मी माझ्याकडे, सह्याद्रीतल्या झाडांच्या नोंदींच्या विकीत, प्रत्येक पानाच्या तळाशी "शोधशब्द" म्हणून एक ओळ लिहितो. कासच्या पठारावरच्या एका फुलाचं पान असेल तर त्यात गावोगावची नावं, शास्त्रीय नाव, ऱ्हस्व-दीर्घाची दोन्ही रूपं, मूळ रूप आणि सामान्यरूप. सीतेची आसवं कुणी "सीतेची आसवे" लिहून शोधेल, कुणी "निळी पापणी" म्हणून. टोपली कारवी सात वर्षांनी फुलते, मधल्या वर्षांत ते पान मी कुठल्या शब्दानं शोधेन ते मला आज कसं कळणार? म्हणून सुचतील ती सगळी नावं तिथे. तुमच्या पानावर अशी एक ओळ पुरेल: विहीर, विहिरी, ओपनवेल, कराड, कऱ्हाड, ३६, ३६ स्लॉट, ५ एचपी, ५एचपी. मोटर भरून झाल्यावर नोंद लिहिताना एक मिनिट जास्त लागेल. वडिलांच्या जुन्या पानांना ती ओळ, एकेक पान शोधात सापडेल तसतशी जोडत जा, सगळी एकदम करायला बसू नका.

पानांच्या नावाबद्दलही एक सांगून ठेवतो. तुम्ही पानाला लांब मराठी नाव देत असाल तर अडचण येईल. डोकूविकी मूळ सेटिंगमध्ये फाइलच्या नावात मराठी अक्षर टक्के-आकड्यांच्या सांकेतिक रूपात लिहितं. एका अक्षरचिन्हाला, म्हणजे काना-मात्राही वेगळी मोजून, नऊ जागा. फाइलच्या नावाला मर्यादा बहुतेक ठिकाणी २५५ ची, म्हणजे सत्तावीस चिन्हांतच नाव संपतं. "सावळज रोडची विहीर साडेसात एचपी" एवढ्यातच ती मर्यादा जवळजवळ संपते. सेटिंगमध्ये फाइलनावाची पद्धत यूटीएफ-एट केली की तिप्पट जागा मिळते, पण ते पानं थोडी असतानाच करायचं असतं, नंतर आधीच्या फाइलींची नावंही बदलावी लागतात. तुम्ही ठरवलेला नोंद क्रमांक हेच पानाचं नाव ठेवा, हा प्रश्नच मिटतो.

---

सातारकर_लॅब

कराडकरांनी सांगितलेल्या कमांडबद्दल. डोकूविकीच्या फोल्डरमध्ये जाऊन पीएचपी, स्पेस, बिन, तिरकी रेघ, इंडेक्सर डॉट पीएचपी, स्पेस, वजाचं चिन्ह आणि त्याला चिकटून छोटा सी. तो सी म्हणजे जुनी सूची पुसा. दुकान बंद झाल्यावर लावून ठेवा. चालू असताना मधेच कॉम्प्युटर बंद करू नका. तुमच्याकडे लाइटचा भरवसा नसेल तर यूपीएस असलेल्या वेळीच करा.

शोधशब्दाच्या ओळीचं मी आजच माझ्याकडे सुरू केलं. लॅबमधला जो "स्विच" आहे त्याला मुलं "डबा" म्हणतात, आता तोही सापडेल.

---

मोटरवाला_तासगाव

कराडकर, जोडचिन्हाचं बरोबर निघालं. मोबाइलवरून भावानं भरलेल्या पानांवर तोच "र" होता. रविवारी दुकान बंद ठेवून बदल करतो, कॉपी आधी काढून. आकडे इंग्रजी करायचं ठरवलंय, नेमप्लेटचा मुद्दा पटला. शोधशब्दाची ओळ आजच्या दोन मोटरपासून सुरू केली. एकीच्या ओळीत मी "मागच्यानं गेज बदललेलं" असंही घातलंय. म्हणजे अशा सगळ्या मोटर एकदम काढता येतील. हे एवढ्या वर्षांत वहीतून कधीच जमलं नसतं, कारण वही तारखेनं लावलेली असते.

एकच शेवटचं. विहिरीवर मोटर बसवायला भाऊ जातो तेव्हा हे त्याच्या मोबाइलवर बघता येईल का? दुकानात वायफाय आहे. मी त्याच्या मोबाइलमध्ये तोच लोकलहोस्टचा पत्ता टाकून बघितला, पान उघडत नाही.

---

सातारकर_लॅब

लोकलहोस्ट म्हणजे ज्या यंत्रावर तुम्ही टाइप करताय तेच यंत्र. मोबाइलवर लिहिलं की मोबाइल स्वतःतच विकी शोधतो. त्याऐवजी दुकानातल्या कॉम्प्युटरचा वायफायवरचा आयपी पत्ता द्या, आणि राउटरच्या सेटिंगमध्ये तो त्या कॉम्प्युटरसाठी कायमचा राखून ठेवा, नाहीतर राउटर बंद-चालू झाला की बदलू शकतो. मोबाइलवर फायरफॉक्स टाका, त्याच्या सेटिंगमध्ये सर्चच्या भागात नवीन सर्च इंजिन जोडता येतं, तिथेही टक्का-एस च चालतो. दुकानाच्या आवारात एवढ्यानं काम होईल.

विहिरीवर दुकानाचं वायफाय पोचणार नाही. विकी इंटरनेटवर उघडं ठेवू नका, त्यात लोकांचे नंबर आहेत. भाऊ निघताना पेजेसचा फोल्डर त्याच्या मोबाइलवर कॉपी करून द्या, आणि फोल्डरभर मजकूर शोधणारं एखादं साधं नोट्सचं ॲप. फाइली साध्या आहेत, उघडतील. फायलींची नावं नोंद क्रमांकाची ठेवलीत तर मोबाइलवर नीट वाचताही येतील. मराठी नावं तिथे टक्क्यांच्या माळेसारखी दिसतात.